बायाक्काला कुणी विचारलं?

बेळगावच्या वडगावातल्या आण्णाप्पांच्या घरात उजाडल्यापासून दोन आवाज चालत. पुढच्या सोप्यात माग खटक-खटक करी आणि मागच्या खोलीत कांड्या भरायचा रहाट कुरकुरत असे. मागाचा आवाज गल्लीभर जाई. येणारा-जाणारा थांबून म्हणे, "आण्णाप्पाचा हात काय चालतोय बघा!" रहाटाचा आवाज मात्र कुणाच्या कानात शिरत नसे. इतकी सवय झाली होती सगळ्यांना. आणि मंडळी, त्यांना नावं कशाला ठेवायची? तुमच्या-माझ्या घरातही असा एखादा आवाज असतोच की!

तो रहाट फिरवणारी बाई म्हणजे बायाक्का, आण्णाप्पांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा तापानं गेला, ती माहेरी आली, आणि मागच्या खोलीत बसली ती बसलीच. आण्णाप्पांच्या घराण्यात एक रीत होती. त्यांचा हातमाग जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेला. विणणाऱ्यानं काठावर बसायचं, खड्ड्यात पाय सोडायचे आणि पायांनी पावड्या दाबत हातानं आडव्या धाग्याचा धोटा फेकायचा. विधवा बाईनं त्या खड्ड्यात पाय सोडायचा नाही, अशी ती रीत. कारण काय, तर त्यांच्याकडची लुगडी लग्नाला जातात, ओटी भरायला जातात. त्यात अशुभ पाय कसा चालेल? सूत उकलायला बायाक्का चाले, खळ शिजवायला चाले, धोट्यात घालायच्या कांड्या भरायला तर तीच लागे. लुगडं मात्र तिचं चालत नसे. या हिशेबात काहीतरी चुकतंय, असं त्या घरात कुणालाच वाटलं नव्हतं.

आण्णाप्पांची मुलगी जया मात्र शिकत होती, आणि शिकत होती तीही भलतंच. कॅम्पातल्या मिशनच्या शाळेत ती हुशार निघाली. तिथल्या शिक्षिका मनुबाई यांनी आण्णाप्पांच्या घरी खेटे घालून घालून त्यांना राजी केलं आणि पोरीला मद्रासेकडच्या एका ख्रिस्ती विद्यापीठात धाडलं. तिथं समाजसेवेची पदवी मिळत असे. गल्लीत केवढा गजहब झाला! समाजसेवा ही काय शिकायची गोष्ट आहे? आणि पोरगी बाटली म्हणजे? आण्णाप्पा हसून म्हणायचे, "तिकडं प्रार्थनेला बसती, हितं आली की मारुतीला जाती. दोनी दरबारात वशिला हाय पोरीचा, तुमाला काय तरास?"

सालाचं म्हणाल तर सेहेचाळीस. जया उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आली ती एक काम घेऊनच. शेवटच्या वर्षाला बसण्याआधी प्रत्येकानं आपापल्या मुलखात एका माणसाची अडचण समजून घ्यायची आणि ती दूर होईल असं काही करायचं, असा विद्यापीठाचा नेम होता. बेळगाव भागातल्या विद्यार्थ्यांचं काम मनुबाईंनी पाहून पसंत करायचं. त्यांनी मान हलवली तरच पुढचा रस्ता.

जयाला वाटलं, दुःख बघायचं तर ते लांबच असणार. ती सर्व्हिस मोटारीत बसून निपाणीला गेली. तिथल्या तंबाखूच्या वखारीत बायका तोंडाला फडकी बांधून तंबाखू चाळत होत्या. धुरळ्यानं जयाला शिंकांवर शिंका. बायका मनमुराद हसल्या. दुपारी भाकरी खायला सगळ्या सावलीत बसल्या, तेव्हा यल्लव्वा नावाच्या बाईनं जयाचीच चौकशी सुरू केली.

"घरात कोन कोन असतंय गं तुझ्या?"

"आई, आप्पा, मी आणि धाकटा भाऊ."

जयानं आपलं भाकरीचं फडकं सोडलं. यल्लव्वानं तिच्या भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. "आगं बया, काय पापुद्रा सुटलाय! आईनं थापली व्हय?"

"न्हाय, आत्यानं."

"आत्या कुठं असती?"

"आमच्यातच असती की."

यल्लव्वा खो खो हसत सुटली. "मग मगाशी मोजलीस का न्हाईस तिला? भाकरी तेवढी मोजून बांधून आणलीस व्हय गं?"

बाकीच्याही हसल्या. जयाही हसली, पण उरलेली भाकरी तिनं पुन्हा फडक्यात बांधून ठेवली. परतीच्या वाटेवर मोटारीत ती एकटक बाहेर बघत होती. आपण घरातली माणसं सांगितली आणि आत्याचं नाव तोंडातच आलं नाही! ते मुद्दाम गाळलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. ते आठवलंच नव्हतं, याची तिला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती मागच्या खोलीत जाऊन बसली. बायाक्का रहाट फिरवत होती. डोळे मात्र खोलीच्या दाराकडे, म्हणजे पुढच्या मागाकडे. आण्णाप्पांच्या पावडीबरोबर तिच्या पायाचा अंगठा जमिनीवर हलत होता. जयानं हे आयुष्यभर पाहिलं होतं. आज तिला ते दिसलं.

ती उठून सरळ बापापुढे उभी राहिली.

"आप्पा, आत्यानं भरलेली कांडी चालती, तिनं लावलेली खळ चालती. मग आत्या मागावर का चालत न्हाय?"

आण्णाप्पांनी धोटा थांबवला. आण्णाप्पा काही वाईट माणूस नव्हते हो. बहिणीला त्यांनी कधी उपाशी ठेवलं नाही, कधी टाकून बोलले नाहीत. ते हळू आवाजात म्हणाले, "हे बग जये, मागावर शेजारच्या परशरामाच्या तुळसाचं लग्नाचं लुगडं हाय. उद्या त्या पोरीच्या संसारात काय इडापिडा आली, तर गल्ली कुणाचं नाव घेईल? आक्काचंच न्हवं? तिला शिव्याशाप लागू नयेत म्हणून तर मी तिला लांब ठेवतोय."

"पण आप्पा..."

"बास. रीत ती रीत. तुझ्या कालेजात चालतंय ते हितं चालायचं न्हाय."

जया फणफणत बाहेर पडली. डोक्यात एकच विचार, आत्याला या घरातून सोडवायचं! कॅम्पात मिशनचा एक आश्रम होता. निराधार बायका तिथं राहत, शिवण शिकत, चार पैसे मिळवत. जयानं परस्पर जाऊन चौकशी केली, जागा ठरवली, मनुबाईंना सांगून ठेवलं की गुरुवारी मी एका बाईला घेऊन येते. दोन-तीन दिवस ती हवेतच होती. काम इतकं झटपट उरकेल, असं तिला वाटलंच नव्हतं.

गुरुवारी आण्णाप्पा सूत आणायला शहापूरला गेले, आई नागुबाई बाजाराला गेली. दारात टांगा उभा राहिला.

"आत्या, उठ. तुझं काय असेल ते बांध. आपल्याला जायचं हाय. आता तुला चांगल्या जागी ठेवते बघ, कायमची!"

बायाक्काचा रहाट थांबला. तिनं जयाकडे पाहिलं, मग टांग्याकडे पाहिलं. कुठं, का, कशासाठी, एक शब्द विचारला नाही. एक लुगडं, एक चोळी आणि फळीवरची कसलीशी वस्तू असं बोचकं बांधून ती टांग्यात जाऊन बसली. वाटेत जया आश्रमाचं वर्णन करत होती. बायाक्का मान खाली घालून बोचकं घट्ट धरून बसली होती. जयाला वाटलं, बिचारीला आनंदानं बोलता येत नसेल!

मनुबाई आश्रमाच्या पडवीत वाट बघत होत्या. पांढरं पातळ, चष्मा, पिकलेले केस. त्यांनी बायाक्काला खुर्ची दिली. ती जमिनीवरच बसली, तशा मनुबाईही खाली बसल्या. पाण्याचा तांब्या पुढे केला आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "बाई, तुम्हाला इथं यायचं होतं का?"

बायाक्कानं तांब्या हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. मग म्हणाली, "मला कुणी इचारलं न्हाय."

"अगं आत्या, मी तुला सगळं सांगत होते ना वाटेत!" जया कळवळून म्हणाली.

"तू सांगत हुतीस, बाळा. इचारलं न्हाईस." बायाक्काचे डोळे भरून आले. "मला वाटलं, आण्णाला माझी अडगळ झाली. त्यानंच तुज्याकडनं मला हितं धाडलं. त्याला तोंडानं सांगवंना म्हणून घरात न्हाय ती वेळ बगितली."

जया तिच्याजवळ जमिनीवर बसली. ज्या बाईला सोडवायला निघालो, तिला आपण घरातून हाकलल्याचं दुःख दिलं! केवढी ही चूक!

 मनुबाईंनी बोचक्याकडे बोट केलं. "यात काय आणलंत?"

बायाक्कानं गाठ सोडली. लुगड्याच्या घडीत एक जुना धोटा होता, हात लागून लागून गुळगुळीत झालेला.

"माझ्या आईचा. लग्नाआदी मी मागावर बसायची. आण्णाला धोटा फेकायला मीच शिकीवला. त्याचं पाय पावडीला पोचत न्हवतं, तवा माझ्या पायावर पाय ठिवून दाबायचा. आता त्यो इणतोय आन् मी कांड्या भरते."

"आणि आता मी विचारते, तुम्हाला काय हवं?"

"मागावर बसायचं हाय," बायाक्का लगेच म्हणाली. इतक्या लगेच की ती स्वतःच दचकली. "शिवण नगं मला. घर सोडून बी जायचं न्हाय. माझ्या आण्णाच्या मागावर बसायचं हाय."

मनुबाईंनी जयाला बाजूला नेलं. जया रडकुंडीला आली होती. "बाई, मी तिचं भलंच करायला गेले होते हो!"

"ठाऊक आहे मला. माझंही भलंच केलं होतं लोकांनी," मनुबाई म्हणाल्या. "मी पोर होते तेव्हा प्लेगात आमचं घर साफ झालं. दूरच्या एका आश्रमाच्या भल्या बायकांनी मला उचलून गाडीत घातलं. जेवू घातलं, शिकवलं, माझ्या प्रभूची ओळख करून दिली. आज मी आहे ती त्यांच्यामुळे, रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करते. पण खानापुराकडच्या एका खेड्यात माझी आजी जिवंत होती. मला कुणी विचारलंच नाही, तुझं आणखी कोण आहे म्हणून. मी मोठी होऊन शोधत गेले, तेव्हा शेजारीण म्हणाली, म्हातारी मरेपर्यंत वाटेवर डोळे लावून बसायची. जया, त्या बायकांचा हेतू वाईट नव्हता. फक्त एक प्रश्न राहून गेला."

मनुबाईंनी पडवीत बसलेल्या बायाक्काकडे पाहिलं.

"तुझ्या वडिलांनी तिला आत बसवलं, तिच्या भल्यासाठी. तू तिला बाहेर काढलंस, तिच्या भल्यासाठी. तिला कुणी विचारलं? आधी विचारावं, हे तुम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात ना?"

"हो बाई. त्या प्रश्नाला मला सगळ्यांत जास्त मार्क होते," जया पुटपुटली.

मनुबाईंना हसू आलं. "मग परीक्षा आज आहे असं समज. जा, तिला घरी ने. आणि यावेळी वडिलांशी वाद घालू नकोस."

टांगा वडगावात शिरला तेव्हा दारात माणसं जमली होती. आण्णाप्पा घामानं निथळत उभे होते. बहिणीला बघितल्यावर ते जवळजवळ ओरडलेच, "आक्का! कुठं गेलतीस गं? गल्लीतली इहीर वाकून बगून आलो मी! तुला काय झालं असतं म्हंजे?" आणि तो बाप्या माणूस सगळ्यांदेखत रडायला लागला.

बायाक्का बघतच राहिली. आपण अडगळ नाही, हे तिला त्या घटकेला कळलं.

जया पुढे झाली. "आप्पा, चूक माझी. मी आत्याला न विचारता आश्रमात नेलं होतं. ती स्वतःहून गेली न्हाय. मला तुमच्याशी वाद घालायचा न्हाय. एकच इचारते. आत्याला काय पायजे, हे तुमी तिला कधी इचारलंय?"

 आण्णाप्पांनी आठवून बघितलं. सणाला लुगडं आणलं होतं, दुखलं-खुपलं तर औषध आणलं होतं. विचारलं मात्र कधीच नव्हतं. ते बहिणीकडे वळले.

"आक्का, काय पायजे गं तुला?"

"मागावर बसायचं हाय मला, आण्णा."

गर्दीतून परशराम तरातरा पुढे आला. "आण्णाप्पा, शुद्धीत हाईस न्हवं? मागावर माझ्या पोरीचं लग्नाचं लुगडं हाय! त्यात असला हात चालायचा न्हाय, सांगून ठेवतो!"

आण्णाप्पा क्षणभर घुटमळले. एकीकडे जन्माचा शेजार, दुसरीकडे बहीण. मग त्यांनी डोळे पुसले आणि ते म्हणाले, "परशराम, ज्या हातानं मला धोटा धरायला शिकीवलं, त्यो हात अशुभ असंल तर माझा बी हाय. आजवर माझी लुगडी कशी चालली तुमाला? आक्का, चल. बस जा मागावर!"

आता बायाक्का धावत जाऊन बसेल, असंच सगळ्यांना वाटलं. ती सोप्यापर्यंत गेली, खड्ड्याच्या काठाशी उभी राहिली आणि मागं वळली.

"आदी तुळसाला इचारा. लुगडं तिचं हाय."

 अहो, जिला जन्मात कुणी विचारलं नव्हतं, तिलाच आठवण झाली होती की आणखी एका जणीला विचारायचं राहिलंय!

तुळसा शेजारच्या दारात उभी होती. ती बापाकडे बघत पुढे आली. बाप काही बोलणार, तोच तिनं मान वर केली. "खरं सांगू आत्या? मला भ्या वाटतंय."

"वाटंल गं बाई. मग न्हाय बसत मी. त्यात काय?" बायाक्का शांतपणे म्हणाली, आणि ते रागानं नव्हतं.

तुळसा तिथंच थांबली. तिची आई बाळंतपणात अंथरुणाला खिळली, तेव्हा तान्ह्या तुळसाला न्हाऊ-माखू घातलं होतं ते याच हातांनी. गोवर निघाला तेव्हा उशाशी बसलेले हात तेच. सबंध गल्लीला ते ठाऊक होतं, परशरामालाही.

"आत्या," तुळसा म्हणाली, "अंगाचं लुगडं आण्णाप्पाकाकांनी इणलंय, ते ऱ्हाऊ द्या. पदर तेवढा तुमी इणा. पदर डोक्यावर घेत्यात. सासरला गेले तरी तुमचा हात माझ्या डोक्यावर ऱ्हाईल."

परशराम खाली बघू लागला. मग तो गर्दीत मागं सरकला. बायाक्कानं खड्ड्यात पाय सोडले, आईचा धोटा हातात घेतला आणि पहिल्यांदा फेकला. तो चुकला, दोरा तुटला. "आगं आक्का, जरा सैल सोड!" आण्णाप्पा म्हणाले. "तू गप रं! मला शिकवतोस व्हय?" ती म्हणाली, आणि सगळे हसले.

तुळसाचं लग्न झालं. गल्लीतली दोन-चार घरं रुसून आली नाहीत. पंगतीला जिलबी मात्र तरीही कमीच पडली.

सुट्टी संपताना जया मनुबाईंकडे गेली. "काय केलंस तू?" त्यांनी विचारलं.

"काही नाही बाई. विचारलं. तेही दुसऱ्या खेपेला."

मनुबाईंनी मान हलवली. पुढल्या साली जयाला पदवी मिळाली. समारंभाला ती आत्यानं विणलेलं लुगडं नेसून गेली होती. ते विणायच्या आधी बायाक्कानं तिला काठ कुठला हवा, हे विचारून घेतलं होतं.

आता त्या घरात बायाक्का मागावर बसली की आण्णाप्पा रहाटावर बसतात. त्यांच्या कांड्या इतक्या ढिल्या भरतात की बहिणीच्या शिव्या खाव्या लागतात. पण रहाटाचं काम किती कष्टाचं असतं, ते त्यांना आता ठाऊक झालंय.

तर बंधूंनो, भगिनींनो, रूढी माणसाला विचारत नाही, म्हणून आपण तिला नावं ठेवतो. पण सुधारणा करायला निघालेले आपण तरी कुठं विचारतो? माणसाला कोंडणं जसं वाईट, तसंच त्याला न विचारता त्याचं भलं करणंही वाईट. समाजसेवा शिकायला जयाला मद्रासेकडे जावं लागलं. तुम्हा-आम्हाला तेवढंही लांब जायला नको. आज घरी गेलात की जरा कान देऊन ऐका, मागच्या खोलीत कुणाचा रहाट कुरकुरतोय ते. मग आत जा, जवळ बसा आणि विचारा, "तुला काय पायजे गं?"

आणि विचारल्यावर, उत्तर ऐकायला थोडा वेळ तिथंच थांबा.